डावा नळ, उजवा नळ आणि बेरीज

सासरेबुवांची परतीची बस अकराची होती, म्हणून सर सकाळपासून शीळ घालत होते. अप्पांनी आल्या दिवसापासून त्यांची अभ्यासाची खोली बळकावली होती, आणि कॉलेजात गणित शिकवणारा हा गृहस्थ वॉशिंग मशीनवर गठ्ठा ठेवून पेपर तपासत होता. आता अप्पांची आंघोळ उरकली की खोली आपली! पण घोडं नेमकं आंघोळीपाशी अडलं.

"जावईबापू, तुमचा शॉवर मला रोज एकतर भाजतो, नाहीतर गोठवतो. आज कोमट पाणी मिळाल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही." अप्पांची सगळी नोकरी कारखान्यात माल तपासण्यात गेली होती. काही नापास करायचं म्हटलं की त्यांना दहा हत्तींचं बळ यायचं.

"प्लंबरला बोलवा," सरांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"प्लंबर कशाला? साधं रेषीय रूपांतरण आहे हे!" सरांनी बाह्या सरसावल्या. "नुसता डावा नळ एक फेरा सोडला तर काय होतं आणि नुसता उजवा सोडला तर काय होतं, एवढंच बघायचं. मग दोन्ही कितीही सोडा, उत्तर बेरजेनं बसल्या जागी निघतं. वर्गात घसा फोडून हेच तर सांगतो मी."

त्यांनी दोन्ही नळ एकेकटे सोडून पाहिले. डाव्याचं पाणी कढत, उजव्याचं गार. मनातल्या मनात आकडेमोड करून त्यांनी फर्मान काढलं, "अप्पा, डावा दीड फेरा, उजवा एक. बाळाला न्हाऊ घालावं असं कोमट येईल!"

आतून आधी पाण्याचा आवाज आला, मग अप्पांचा. "अरे मेलो! बर्फ आहे बर्फ!"

"अशक्य! उजवा अर्धा करा."

"आई गं! सोलून निघालो!"

"बेरजेप्रमाणे असं होऊच शकत नाही!"

"मग बेरजेलाच आत पाठवा!"

आरडाओरडा ऐकून कॉलेजात जाणारी लेक ब्रश तोंडात धरूनच आली. "बाबा, दोन्ही नळ एकदम सोडून बघितले होते?"

"त्याची गरजच नसते. तीच तर गंमत आहे!"

"रूपांतरण रेषीय असेल तर ना! काल मला केवढे ओरडलात, 'मॅट्रिक्स मांडण्याआधी बेरीज टिकते का बघायला काय धाड भरली होती?' इथे गार पाण्याचा जोर गरम पाण्याला मागे रेटतोय. एकेकटे नळ शहाणे आहेत, जोडीनं नाहीत."

सरांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात बायको ओरडली, "अहो, बस चुकेल!" तसे ते दार बडवू लागले. "अप्पा, तसंच अंग पुसा आणि चला, मी गाडीनं सोडतो!"

दार उघडलं. टॉवेल गुंडाळलेले, अर्धे साबणात माखलेले अप्पा बाहेर आले. त्यांचे डोळे मात्र लकाकत होते.

"म्हणजे एकेकटे पास होणारे दोघं जोडीनं नापास? आख्ख्या नोकरीत असा माल हाताखालून गेला नाही! ही बेरीज नेमकी कुठे बिघडते हो?"

"ते शोधावं लागेल," सर सवयीनं बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"शोधू की! पाव-पाव फेऱ्यानं बघू. बस काय, रोजच असते."

"म्हणजे अप्पा, तुम्ही राहताय?" बायकोचा चेहरा फुलला. सरांनी झडप घालून फोन उचलला. "मी आत्ताच्या आत्ता प्लंबरला..."

"खबरदार!" अप्पा गरजले. "उत्तर सापडेपर्यंत त्या नळांना कुणी हात लावायचा नाही. आणि जावईबापू, आकडेमोडीला टेबल लागेल. तुमचं माझ्या खोलीत आहे तेच वापरू. फक्त येताना दार वाजवत जा."