रंगराव अस्वलाचं हवेतलं चित्र

एका जंगलात रंगराव नावाचं एक अस्वल होतं. नीट ऐका पोरांनो, मधे शेंगा फोडू नका.

रंगरावाच्या गुहेला पूर्वी नुसता दगड होता. बापजाद्यांनी त्याच दगडाला पाठ घासून जन्म काढला. रंगरावाला ते पटेना. त्यानं भिंतींना गिलावा केला, वर पांढरंशुभ्र छत केलं, खाली गुळगुळीत फरशी घातली. समोर काचेचं शोकेस बसवलं. गवंडीकाम करणारं माकड तेव्हा म्हणालंच होतं, "रावसाहेब, गिलाव्याआधी वायरीसाठी एक नळी टाकून ठेवू का?"

"कशाला? मला कुठं वायरी न्यायच्यात?"

मग थाटात वास्तुशांत झाली. आणि वास्तुशांत झाल्यावर त्यानं प्रोजेक्टर आणला. भिंतभर सिनेमा दाखवणारं यंत्र. नळी टाकायची अक्कल नेहमी गिलावा वाळल्यावरच येते.

यंत्र कशाला आणलं, ते ऐका. रंगरावाची लेक यमी डोंगरापल्याड दिली होती. लग्नात मांडव जरा तोकडा पडला. तेव्हापासून सासू तिला उठता-बसता टोचायची, "तुझ्या बापाच्या घरी बघण्यासारखं आहे काय?" पोर माहेरी आली की तोंड लपवून रडायची. रंगरावाच्या काळजात ते रुतून बसलं होतं. आता धोंड्याचा महिना लागला. जावयाला अनारसे खाऊ घालायचे, व्याही-विहिणीचा मान करायचा. रंगरावानं ठरवलं, लग्नाचं शूटिंग भिंतीवर दाखवायचं आणि विहिणीचं तोंड कायमचं बंद करायचं.

पण यंत्र मागच्या उंच कोनाड्यात, आणि त्याला सिनेमा पुरवणारा डबा पुढच्या शोकेसमध्ये. मधे अख्खी गुहा. वायर न्यायची कुठून?

होम थिएटरवाला कोल्हा आला. त्यानं भिंतीवर टकटक केली, मान हलवली.

"छतातून नेतो. थोडं फोडावं लागेल."

"छताला हात लावायचा नाही."

"मग भिंतीवरून पट्टी मारतो."

"पट्टी विहिणीला दिसली म्हणजे?"

"मग फरशीखालून."

रंगरावाच्या अंगावरचे केस उभे राहिले. आणि अस्वलाचे केस म्हणजे काही थोडे नसतात. "अरे, खाली वास्तुपुरुष पुरलाय. त्याच्या उरावरून वायर नेतोस?"

"वळसा घालून नेऊ की."

"वळसा घातलास तर त्याला कळणार नाही?"

कोल्ह्याला हेच पाहिजे होतं. त्यानं पिशवीतून दोन डब्या काढल्या. "मग हवेतून नेऊ. एक डबी इकडं, एक तिकडं. वायरच नको. फक्त मधे कुणी उभं राहायचं नाही."

"पाहुणे बसायलाच येणार आहेत," रंगराव म्हणाला.

जेवणाच्या दिवशी भर दुपारी गुहेच्या तोंडाला घोंगडं लावून अंधार केला. पाहुणे पाटावर बसले. भिंतीवर मांडव उमटला. विहीण डोळे फाडून बघायला लागली. रंगरावाची छाती फुगली.

तेवढ्यात त्याची बायको हौसाबाई अनारशांचं ताट घेऊन मधे आली. चित्र थांबलं.

"खाली बस," रंगराव खेकसला. "हवा अडतेय."

"अहो, बसून वाढू कशी?"

"मग वाढू नको."

जावयानं पाणी मागायला हात वर केला.

"जावईबापू, हात खाली."

बघा, धोंड्याचा महिना, तुपाचा वास सुटलाय, भिंतीवरचा जावई जिलब्या हाणतोय, आणि खालचा खरा जावई रिकाम्या पानाकडं बघत बसलाय. शेवटी तो उठलाच. चित्र पुन्हा थांबलं. थांबलं तेही कुठं? विहीणबाई मांडवात अख्खा लाडू तोंडात कोंबताना. भिंतभर नुसता जबडा. जावई घाबरून खाली बसला, तरी चित्र हलेना.

"हे मुद्दाम केलंत," विहीण म्हणाली.

"नाही हो विहीणबाई. दोष हवेचा आहे."

यमीनं मान खाली घातली. आता घरी गेल्यावर काय ऐकायला लागणार, हे तिला तिथंच दिसत होतं.

हौसाबाईनं ताट खाली ठेवलं. शोकेसमधला डबा काढला, कोनाड्यात यंत्राला चिकटून ठेवला. यंत्राच्या खोक्यात वीतभर वायर निघाली होती. तिचं एक टोक ह्याला लावलं, एक टोक त्याला. भिंतीवरच्या विहिणीनं लाडू गिळला, चित्र पुढं सरकलं. मग हौसाबाईनं पाहुण्यांपुढं उभं राहून जावयाला आग्रह करकरून वाढलं. रंगरावाला वाटलं, अब्रू वाचली.

जेवणं झाली. व्याही पान लावत म्हणाले, "रंगराव, ते हवेतलं झकास होतं. वायर लावून सगळी शोभा घालवलीत."

"अहो, पण ते बंद पडलं होतं."

"पडू द्या की. भारी वस्तू बंद पडायच्याच. आमच्याकडं आणू तेव्हा हवेतलंच आणू."

विहिणीनं तिथं नुसतं पान चघळलं. घरी जाऊन बोलली. आता यमी भाकरी थापायला बसली की सासू शेजारणीला ऐकवते, "हिच्या बापाकडं अजून वायरीवर चालतं."

हे रंगरावाच्या कानावर आलं. तो आठ दिवस हौसाबाईशी बोलला नाही. डबा त्यानं परत शोकेसमध्ये ठेवला आणि वायर पार नदीत भिरकावली. हल्ली त्याच्याकडं पाहुणे येतात, भिंतीवरच्या थांबलेल्या चित्रापुढं मान डोलावतात आणि विचारतात, "वायर कुठं दिसत नाही हो?" रंगराव मिशीत हसतो. तुम्ही म्हणाल अस्वलाला मिशी कुठं असते. गप्प बसा.

तात्पर्य : वस्तू चालावी असं वाटत असेल, तर बायकोच्या हातात द्यावी. पण घराण्याचं नाव व्हावं असं वाटत असेल, तर बायकोला स्वयंपाकघरात ठेवावं आणि वस्तू बंद ठेवावी.