बोरसे अक्कांचं कॅपस्टोन

बोरसे अक्का कुणालाही मदत करत नसत. हे मी वाईट अर्थाने सांगत नाही, त्या स्वतःच तसं अभिमानाने सांगायच्या.

माझी आणि त्यांची ओळखच मुळी अशी झाली. धुळ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरताना माझा पाय घसरला. फाईल एकीकडे, डबा दुसरीकडे आणि मी मधे. माझ्यामागून एक उंच, काळ्यासावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाई उतरल्या. दोन माणसं मला उठवायला धावली, तर या बाईंनी त्यांना अडवलं. "हात मागे! तिले उठू द्या." माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "पहिली पायरी कोनती? गुडघा का कोपर?" मी जमिनीवरच चिडून म्हणाले, "कोपर." त्यांनी मान डोलावली आणि पुढे निघून गेल्या. डबा मी एकटीने गोळा केला. भाजी सगळी सांडली होती.

अर्ध्या तासाने पाहते तर त्याच बाई वर्गात पहिल्या बाकावर.

आम्ही दोघीही व्यवसायोपचार करणाऱ्या. म्हणजे आजारानंतर माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा शिकवायची. बटण लावणं, भाकरी मोडणं, सही करणं. लोकांना आमचं काम फिजिओथेरपीच वाटतं आणि आम्ही आयुष्यभर ते नाही म्हणून सांगत बसतो. धुळ्यातल्या एका कॉलेजने नोकरी करणाऱ्यांसाठी आमच्या विषयात डॉक्टरेट सुरू केली. दर शनिवारी कोर्सवर्क आणि शेवटी चौदा आठवड्यांचा प्रत्यक्ष प्रकल्प. त्याला कॅपस्टोन म्हणतात. मी जळगावची, अक्काही नोकरीने जळगावच्याच, मूळच्या सोनगीरच्या. मी पस्तिशीची, त्या निवृत्तीला टेकलेल्या. वर्गातले बाकीचे सगळे त्यांच्या भाच्या-पुतण्यांच्या वयाचे होते. गाईड मॅडमसुद्धा.

तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसून जळगाव-धुळे केलं. एरंडोलपर्यंत त्या कंडक्टरच्या अंगठ्याकडे बघायच्या. पारोळ्यापर्यंत त्याला सांगून व्हायचं की तिकीट असंच काढत राहिलास तर हा अंगठा पाच वर्षांत जाणार. एकदा एक आई पोराला केळं सोलून देत होती. अक्का मागच्या सीटवरून "हात मागे!" अशा ओरडल्या की ड्रायव्हरने ब्रेक दाबला. पोराने घाबरून केळं सालीसकट खाल्लं. "पाह्य, करं ना त्यानं?" अक्का मला म्हणाल्या.

मला त्यांचा राग यायचा. अगदी मनापासून यायचा. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला त्या आल्या, तर पाहुण्यांना पाणी देणाऱ्या माझ्या सासूबाईंना त्यांनी खाली बसवलं. "ज्याले तहान शे तो उठी." त्या दिवसापासून सासूबाई त्यांना 'ती तुझी पोलीस' म्हणतात.

कोर्सवर्कमधला त्यांचा पराक्रम कॉलेजात अजून सांगतात. एखाद्या कामाचे टप्पे पाडून दाखवा असा निबंध होता. आम्ही सगळ्यांनी चहावर दोन-दोन पानं लिहिली. अक्कांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर एकेचाळीस पानं लिहिली. पहिला टप्पा, 'भूक आहे का ते ठरवणे.' गाईड मॅडमनी विचारलं की हा टप्पा कशाला? अक्का म्हणाल्या, "मॅडम, लकव्याच्या पेशंटला लोक घड्याळ बघून जेवायला घालतात. भूक लागलीय का हे ठरवायचं काम पहिलं जातं त्याच्या हातातून." मॅडमनी तो टप्पा तसाच राहू दिला. मार्क मात्र पृष्ठमर्यादा ओलांडल्याबद्दल कापले.

परदेशी शोधनिबंध वाचायला दिले की त्या समासात पेन्सिलीने शेरे मारत. 'या बाईंनी जन्मात भाकरी थापलेली दिसत नाही.' लायब्ररीने दंड केला. त्यांनी खोडरबर विकत आणला आणि तिथेच बसून सगळे शेरे खोडले. एक तेवढा ठेवला, कारण तो त्यांच्या मते खरा होता.

मग कॅपस्टोन आलं.

मी सोपा मार्ग धरला. जळगावच्या एका शाळेतली मुलं, पेन्सिल कशी धरावी, अक्षर कसं सुधारतं. अक्कांनी धरणगावची जुलेखाबी निवडली. साठीची विधवा, उशा-गाद्या भरून देणाऱ्या घरातली. लकवा होऊन तिची उजवी बाजू लुळी पडलेली. घरात ती आणि तिचा मुलगा अस्लम, दोघंच. अस्लम कापसाच्या जिनिंगवर कामाला. लग्नाचं वय निघून चाललेलं, कारण आईचं सगळं त्याच्याच अंगावर होतं. सकाळी तिचा चहा, तिची आंघोळ, तिची वेणी, आणि मग कामावर.

एक-दोनदा मीही गेले होते अक्कांबरोबर. परवानगीचा नऊ पानी फॉर्म त्यांनी जुलेखाबीला दोन तास वाचून दाखवला. घरात हिंदी बोलणारी जुलेखाबी आमच्याशी खानदेशी बोलायची. सगळं ऐकून तिने विचारलं, "बाई, तू मना हात कापानी शे का?" मग अक्का हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

अस्लमची वेणी मी पाहिली होती. सुतळी वळावी तशी वळायचा तो. आईला दुखलं की "अम्मी, हिलो मत," म्हणायचा आणि तीही त्याला शिव्या घालायची. अक्का दारात उभ्या राहून तक्त्यात लिहायच्या, 'केस विंचरणे : पूर्ण अवलंबून.'

चौदा आठवड्यांत अक्कांनी ते घर पालथं घातलं. एका फळीला खिळे ठोकून पातेलं हलणार नाही अशी बैठक केली. भिंतीवर कंगवा पक्का बसवला, म्हणजे डोकं हलवून केस विंचरता येतील. वेणीऐवजी एका हाताने लागणारी क्लिप आणली. नाडीच्या जागी इलॅस्टिक. जुलेखाबी रडायची, शिव्या द्यायची, कंगव्यावर डोकं आपटायची. अस्लम पुढे झाला की अक्का त्याला घराबाहेर ओट्यावर नेऊन बसवत. शेवटच्या आठवड्यात जुलेखाबीने डाव्या हाताने तीन कप चहा केला. तक्त्यात सगळीकडे सातपैकी सात, म्हणजे कुणाच्याही मदतीशिवाय. अक्कांनी मला फोन करून सगळे आकडे वाचून दाखवले. आवाजात आनंद मावत नव्हता.

महिन्याभराने अस्लम सुरतेला गेला. तिथे लूमवर पक्कं काम होतं. दोन वर्षांपासून बोलावणं होतं, आईपायी अडकला होता. जाताना तो अक्कांच्या पाया पडला. "मॅडम, तुमच्यामुळे सुटलो," म्हणाला. माणूस वाईट नव्हता. दर आठवड्याला फोन करायचा.

प्रकल्पाच्या अहवालात शेवटचं एक पान असतं. रुग्णाचे स्वतःचे शब्द. 'आता तुम्हाला कसं वाटतं?' एवढाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर जसंच्या तसं लिहायचं. अक्का त्यासाठी धरणगावला गेल्या. परत आल्या त्या शनिवारी बसमध्ये कंडक्टरकडे बघितलं नाही. पारोळा गेल्यावर त्यांनी ते पान माझ्या मांडीवर ठेवलं.

'आते बठ्ठं मी करस. चहा करस, आंघोळ करस. आते माले कोनी हात लावत नही. अस्लम वेणी घाले ती वाकडी घाले, पन त्याना दोन्ही हात मना डोकावर राहेत.'

मी म्हणाले, "अक्का, हे नका लावू."

गाईड मॅडमही तेच म्हणाल्या. चांगल्या शब्दांत म्हणाल्या. प्रश्न पुन्हा विचारा, थोडा वेगळा विचारा. 'आता स्वतंत्र वाटतं ना?' असं विचारलं तर ती हो म्हणेल आणि ते खोटंही नसेल. बसमध्ये अक्का मला म्हणाल्या, "आपलाले पाहिजे ते उत्तर येवापावत इचारत ऱ्हावानं का?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या प्रकल्पातल्या त्या पानावर तीन मुलांची तीन वाक्यं होती. त्यातली दोन मी नीट करून घेतली होती. एका मुलाने खरं तर 'बोटं दुखतात' असं सांगितलं होतं.

तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते. माझं वीस मिनिटांत आटोपलं. अभिनंदन, पेढे. मग अक्का उभ्या राहिल्या. त्यांचे सगळे आलेख वर चढत जाणारे. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले, म्हणाले, असं काम आपल्या भागात व्हायला हवं. तिथे थांबल्या असत्या तर डॉक्टर बोरसे म्हणून खाली बसल्या असत्या. त्यांनी ते शेवटचं पान वाचून दाखवलं, हळू, खानदेशीतच.

बाहेरचे परीक्षक पुन्हा आकड्यांच्या पानावर गेले. मग परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे तुमचा निष्कर्ष काय?"

"मी चुकले, सर," अक्का म्हणाल्या. "तिच्या दिवसात माणसाचा हात लागायची तेवढी एकच वेळ होती. मी ती अडचण समजून काढून टाकली."

परीक्षक म्हणाले की भावना समजते, पण आकडे एक सांगतात आणि निष्कर्ष दुसरा, असा अहवाल स्वीकारता येत नाही. त्यांनी पर्याय दिले. निष्कर्ष बदला, नाहीतर नवा रुग्ण घेऊन चौदा आठवडे पुन्हा करा. फेरनोंदणीचा फॉर्म महिन्याच्या आत भरायचा. अक्कांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि कोर्सची मुदतही संपत होती. तो फॉर्म भरला नाही तर तीन वर्षं पाण्यात.

महिनाभर मी त्यांच्या मागे लागले. फोन उचलायच्या आणि "पाहू" म्हणायच्या. मग फोनही उचलेनात. मुदत सोमवारी संपत होती. रविवारी मी फॉर्म स्वतःच भरला, सहीची जागा तेवढी कोरी ठेवली आणि त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "त्या रविवारी धरणगावला असतात."

रागातच मी धरणगावची गाडी पकडली. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं. हट्टी बाई, स्वतःचं वाटोळं करून घेणारी बाई. मुलाला नवऱ्याजवळ सोडून मी हिच्यासाठी बसमध्ये उभी.

जुलेखाबीचं दार उघडंच होतं. ती खाटेवर बसली होती. खाली फरशीवर, तिच्या गुडघ्यांना पाठ टेकून, अक्का बसल्या होत्या. अंबाडा सोडलेला. त्यांचे केस इतके लांब असतील असं मला कधी वाटलं नव्हतं, कमरेपर्यंत होते. जुलेखाबी डाव्या हाताने त्यांच्या डोक्यात तेल मुरवत होती. हळू, एका बाजूने, मग थांबून दुसऱ्या बाजूने. अक्कांचे डोळे मिटलेले होते.

मी ठरवलेलं सगळं विसरले. मला लाज वाटली, दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखी.

"वर्षा ना?" डोळे न उघडता अक्का म्हणाल्या. "फॉर्म आना व्हई."

"आणलाय अक्का. फक्त सही. उद्या शेवटचा दिवस आहे."

"नही व."

"का नाही? तीन वर्षं घातलीत तुम्ही."

"नवा पेशंट म्हंजे आखो एक घर रिकामं करानं. माले तेच येस. चांगलं येस." आवाजात राग नव्हता. "मी अस्लमले फोन करा होता. घर ये म्हटलं. तो म्हने, मॅडम, तुमीच तर म्हटलं बठ्ठं करस ती."

मी उंबऱ्यावर बसले. जुलेखाबीने तेलाची वाटी बाजूला ठेवली, बोटांनी केसांतला गुंता सोडवायला लागली. एका हाताने ते जमत नव्हतं. तरी ती घाई करत नव्हती.

थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बघून अक्कांबद्दल विचारलं, जशा काही त्या तिथे नव्हत्याच. "दर इतवारले येस ही. संध्याकाळपावत बसस. मी इचारं, घर कोन कोन शे, तर बोलत नही. हिले कोनी शे का व माय?"

तीन वर्षं मी या बाईंच्या शेजारी बसले होते. कंडक्टरच्या अंगठ्यापासून कळण्याच्या भाकरीपर्यंत त्यांची सगळी मतं मला पाठ होती. रुग्णाची पहिली भेट असली की घरात कोण आहे हा प्रश्न आम्ही सगळ्यात आधी विचारतो. तो मी त्यांना कधी विचारला नव्हता.

"मी शे ना," मी म्हणाले.

जुलेखाबीने मान हलवली आणि पुन्हा केसांत बोटं घातली. अक्कांनी डोळे उघडले नाहीत. मी म्हणाले ते खरं नव्हतं, आणि त्या खोलीत ते आम्हा तिघींनाही माहीत होतं.