दांडीचा धडा

इंग्रजी संभाषणाचा संध्याकाळचा वर्ग घेणारे सर स्वतःला फार मोठे शिक्षक समजत नसत. तसं समजणारं दुसरंही कुणी नव्हतं, त्यामुळे मतभेद नव्हते. त्यांचं एकच भांडवल होतं, ते म्हणजे त्यांची पद्धत. वर्गात जे शिकलं ते घरी जाऊन प्रत्यक्ष करायचं. पत्ता विचारायचा धडा झाला तेव्हा वर्गातले वॉचमनकाका स्वतःच्याच गल्लीत स्वतःच्याच घराचा रस्ता विचारत फिरले होते.

एवढं करूनही वर्गात कुणी तोंड उघडत नसे. शेवटी संस्थेच्या मॅडमनी बजावलं की सोमवारी त्या स्वतः येऊन बसणार, आणि वर्ग भरलेला, बोलता दिसला नाही तर खोली शिवणवर्गाला देणार. सरांना दुसरं काही येत नव्हतं. इंग्रजीही तसं बेताचंच येत होतं, पण ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवारी पुस्तकातला पुढचा धडा निघाला तो नेमका तास बुडवण्याबद्दलच्या बोलीभाषेतल्या इंग्रजीचा. दांडी मारण्याला बंकिंग, स्किपिंग, कटिंग क्लास, प्लेइंग हुकी असं बरंच काही म्हणतात हे ऐकून वर्ग खूश झाला. शहाण्या माणसाने हा धडा टाळला असता. सर मात्र रंगात आले आणि निघताना सवयीने म्हणाले, "नेहमीसारखं, प्रत्यक्ष करून पाहा."

सोमवारी मॅडम पहिल्या बाकावर येऊन बसल्या. मागचे सगळे बाक रिकामे होते. सरांनी दोनदा फळा पुसला, मग त्यांना स्वतःचं शेवटचं वाक्य आठवलं आणि ते मॅडमकडे वळले.

"मॅडम, ते गृहपाठ करताहेत."

"कुठे?"

"घरी. म्हणजे, इथे न येऊन."

मॅडमचा यावर विश्वास बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी हजेरीपटावरून टेलरताईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि इंग्रजीतूनच न येण्याचं कारण विचारलं. वर्गात 'यस सर'च्या पुढे कधी न गेलेल्या ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आय ॲम प्लेइंग हुकी, मॅडम. आय ॲम एन्जॉयिंग इट व्हेरी मच."

पुढचा फोन वॉचमनकाकांना लागला, ते हलक्या आवाजात बोलले. "कटिंग क्लास, मॅडम. प्लीज डोन्ट टेल सर."

सरांना भरून आलं. आपण समोर नसलो की आपले विद्यार्थी इतकं छान बोलतात, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. मॅडमनी फोन पर्समध्ये ठेवला आणि खोली तुमच्याकडेच राहू द्या, असं सांगितलं.

तेवढ्यात औषधाच्या दुकानातले भाऊ धापा टाकत दारात आले.

"सॉरी सर, गृहपाठ जमला नाही. घरी बसलो होतो, पण बायकोने वर्गाला हाकललं."

सर त्यांना बसा म्हणणार, तोच मॅडम उठल्या.

"यांना आधी घरी पाठवा, सर. मागे पडतील."