आधी माय लिवा

आमचे साडू मुरलीधरअण्णा यांच्या हाती लग्नपत्रिका पडली, की ते ना मुहूर्त बघतात, ना जेवणाची वेळ. खिशातलं पेन काढतात, बापाच्या नावाला बाण मारून त्याला मागं ढकलतात आणि आईचं नाव पुढं आणतात. पत्रिका घेऊन आलेला माणूस बघत राहतो. अण्णा त्याला समजावतात, "आधी माय लिवा. बाप मागून."

माझ्या वास्तुशांतीची पत्रिकाही त्यांनी अशीच दुरुस्त केली. माझी बायको ती फ्रेम करून घ्यायच्या विचारात आहे.

ही खोड त्यांना सोयाबीननं लावली. लातूरकडच्या एका संशोधन फार्मवर अण्णांनी मदतनीस म्हणून उभी हयात काढली. साहेब आले, बदलून गेले. फुलांचा चिमटा अण्णांच्याच हातात राहिला. दोन वाणांचा संकर वहीत टिपताना आधी माय-झाड लिहायचं, मग बाप-झाड, असा तिथला नियम. नोकरी सुटली, नियम सुटला नाही. आता चाकूरजवळच्या आपल्या रानात चौदा तासं, म्हणजे चौदा ओळी, राखून ते स्वतःचं संशोधन करतात. दाण्यात प्रथिनं भरपूर हवीत आणि एकरी उताराही चांगला हवा, एवढाच हट्ट.

"दोन्ही एका घरात नांदत न्हाईत गुरुजी," ते मला सांगतात. "सासू-सुनंवानी. एक वर आली की दुसरी खाली."

मी नांदेडला शाळेत मराठी शिकवतो. शेतातलं मला इतकंच कळतं, की बांधावर चप्पल काढू नये. तरी एका श्रावणात अण्णांनी मला सकाळी सातलाच रानात नेलं आणि हातात छत्री दिली.

"सावली फुलावर. माज्यावर न्हाई. आन हलायचं बिलकुल न्हाई."

ते फूल! साळीच्या दाण्याएवढं, पानाच्या बगलेत दडून बसलेलं. "उमललं की उशीर झाला. ह्याचं लगीन आतल्या आतच लागून जातंय," अण्णा पुटपुटले. म्हणून कळी मिटलेली असतानाच गाठायची. त्यांनी श्वास धरला. चिमट्यानं पाकळ्या सोलल्या, आतले दहा केसर उचलले (मला एकही दिसला नाही) आणि दुसऱ्या झाडाचा पराग आत अलगद टेकवला. त्या भेगाळलेल्या, जाडजूड बोटांना इतकं हळू होता येतं? मी भान हरपून बघत राहिलो, आणि शिंकलो.

छत्री थेट कळीवर.

"गेलं!" अण्णा म्हणाले. "दोन खानदानं बुडविलात गुरुजी."

तरी त्या हंगामात नऊ शेंगा धरल्या. एक झाड जास्त प्रथिनांचं, एक कमी. अण्णांनी संकर दोन्ही बाजूंनी केला होता: एकदा ही माय, एकदा ती. दाणे तपासायला पाठवले आणि अहवाल आला त्याच दिवशी एसटी धरून ते नांदेडला माझ्या दारात.

"बगा. जास्तवालीवर भरलेल्या दाण्यात जास्त. कमीवालीवर भरलेल्यात कमी."

"म्हणजे संकर फसला?"

त्यांना माझी दया आली. "फसला कसा? जोडपं तेच, रान तेच. नात्यागोत्याचं काय ते पुढच्या पिढ्यांत दिसंल. पर हा दाणा पोसला कुणी? ज्या मायनं पोसला, तिची प्रथिनं त्याच्यात उतरली."

मी दाणा तळहातावर घेतला. एवढ्याशा गोळीला आपल्याला कुणी भरवलं ते ठाऊक असतं! अण्णांनी अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि छातीवरच्या खिशात ठेवला. तो अजून तिथंच असतो.

आता रेणूचं सांगायला हवं. रेणू अण्णांची एकुलती लेक. ती दोन महिन्यांची असताना आक्का, म्हणजे अण्णांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला एका संस्थेतून घरी घेऊन आल्या. हे कुणापासून लपवलं नाही. त्यामुळं दोन स्थळं बैठकीतूनच उठून गेली. यंदा जळकोटचं तिसरं आलं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. रेणूनं आईला स्पष्ट सांगितलं होतं, "हाच. न्हाई तर कुणीच न्हाई."

अडलं ते मुलाच्या चुलत्यांपाशी. बायोडाट्याचा कागद उलटसुलट करत ते म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, पावणं. लाखात एक. पर मूळ कुठलं म्हनायचं? रक्त कुणाचं?"

कपबशा गोळा करणाऱ्या आक्का जागच्या जागी थांबल्या. अण्णांचा हात छातीवरच्या खिशाकडं गेला. आता प्रथिनं निघणार आणि हेही स्थळ जाणार, म्हणून मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा त्यांच्या हातात पेन होतं. चुलत्यांकडून कागद घेऊन त्यांनी स्वतःच्या नावाला बाण मारला, मागं ढकललं आणि सगळ्यांत वर लिहिलं: सुलोचना. आक्कांचं नाव.

"ही माय. पोरगी हिनं पोसलीय. जे काय उतरलंय ते हिचं. दुसरं मूळ मला ठाव न्हाई."

चुलत्यांनी कागद परत घेऊन ते नाव वाचलं. मग त्यांनी त्याची घडी करून खिशात ठेवली. "बरं. पत्रिका बी अशीच छापू. पर मग बाप कुठं लिवायचा?"

"मागून," अण्णा म्हणाले. "मी नुस्ती छत्री धरून हुतो."

पाहुण्यांना छत्रीचं काही कळलं नसावं. आक्का चहा गरम करते म्हणून घाईनं आत गेल्या. चहा सगळ्यांचा केव्हाच पिऊन झाला होता.