दोन टक्क्यांची करंगळी

भोपाळच्या कारखान्यात लोखंडी प्लेट पडून गोपीनाथराव मुळ्यांच्या डाव्या करंगळीचा शेंडा उडाला, तेव्हा दुखलं फार. पण तिसऱ्या दिवशी ठणका ओसरला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपलं नशीब उघडलंय!

"रंगीत टीव्ही येणार!" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं बँडेज उंचावून सांगत. "आणि उरलेल्यात फ्रिज!"

याला कारण इंद्रपुरीतला एक वेल्डर. त्याचा अंगठा गेला होता आणि त्याला तीस टक्के नुकसानभरपाई मिळाली होती. त्या पैशांत त्याने गच्चीवर खोली चढवली, असं अख्खी टाउनशिप सांगत असे. गोपीनाथरावांनी सरळ हिशेब मांडला. अंगठा म्हणजे नुसता आडदांड गडी. करंगळी नाजूक! अंगठ्याला तीस, तर करंगळीला गेलाबाजार पंचवीस तरी धरावेतच.

"अहो, पण शेंडाच गेलाय ना?" त्यांच्या पत्नी कमलिनीताईंनी विचारलं.

"शेंड्यातच तर सगळी नजाकत असते!"

टाके निघाले त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात सक्सेना बाबूंपुढे जाऊन बसले. सक्सेना बाबू नुकसानभरपाईच्या फायली बघत. तीस वर्षांत शेकडो बोटं त्यांच्या टेबलावरून गेलेली. त्यांनी खणातून एक जीर्ण पुस्तक काढलं, थुंकी लावून पान उलटलं आणि हॉटेलातल्या पोऱ्याने भजी-वड्याचे भाव सांगावेत तसे वाचायला लागले.

"अंगूठा तीस. पहली उंगली चौदह. बीच की बारह. छोटी उंगली... सात."

"सात?" गोपीनाथराव खुर्चीत ताठ झाले.

"पूरी जाती तो सात, मुल्येजी. आपकी तो नोक गई है, हड्डी सलामत है. दो!"

"दो? दो परसेंट? अरे साहब, इतनी छूट तो साड़ी की दुकान में भी नहीं देते! अपमान है ये!"

"कानून है," सक्सेना बाबू थंडपणे म्हणाले आणि पेन्सिल चालवू लागले. पगार कितीही असो, कायदा तो महिना हजारच धरतो. त्याचे निम्मे पाचशे. वय पन्नास, म्हणून पुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे त्याला गुणायचं एकशे त्रेपन्न दशांश शून्य नऊने. आणि त्याचे दोन टक्के.

"एक हज़ार पाँच सौ तीस रुपये, नब्बे पैसे. उमर कम होती तो कुछ ज़्यादा बनता. आपने देर कर दी."

जणू करंगळी तरुणपणीच कापून घ्यायला हवी होती!

गोपीनाथरावांचा चेहरा इतका उतरला की सक्सेना बाबूंनाही दया आली. ते पुढे झुकले. "देखिए, असली बात है कमाने की ताक़त कितनी घटी. इस उंगली से कोई ख़ास कमाई होती हो, तो अर्ज़ी में लिख दीजिए. साहब विचार कर सकते हैं."

बस्स! गोपीनाथरावांना घरातली पेटी आठवली.

दर गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळाच्या आरतीला पेटी तेच वाजवत. पेटी त्यांच्या मालकीची, त्यामुळे वाजवण्याचा हक्कही आपसूक त्यांचाच. त्याच संध्याकाळी त्यांनी चार पानी अर्ज लिहिला. अर्जदार हे भोपाळ शहरातील नामवंत हार्मोनियमवादक असून, त्यांच्याकडे वीस विद्यार्थी शिकतात. दरमहा चारशे रुपये उत्पन्न गेल्या बारा वर्षांपासून आहे. करंगळी गेल्यामुळे ते साफ बुडालं!

कमलिनीताईंनी अर्ज वाचून चष्मा काढला. "वीस विद्यार्थी? कोण हो?"

"तुलसी नगरच्या मंदाकिनीबाईंना मागं सा कुठला ते दाखवलं होतं की!"

"आणि उरलेले एकोणीस?"

"अगं, भावना बघ, आकडे कसले बघतेस!"

"पण डाव्या हातानं तर भाता मारतात ना? त्याला करंगळी कशाला लागते?"

"हे तुला कळतं. ऑफिसला कुठं कळतंय!" असं म्हणून त्यांनी पाकीट चिकटवलं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. गोपीनाथरावांनी आधी देवापुढे निरांजन लावलं, मग पाकीट फोडलं, आणि वाचता वाचता ते हळूहळू जमिनीवर बसले.

ती कारणे दाखवा नोटीस होती! परवानगी न घेता आपण बारा वर्षं खाजगी धंदा करीत आहात, हे आपल्याच अर्जावरून निदर्शनास आलं आहे. तसंच कंपनीच्या क्वार्टरमध्ये वीस विद्यार्थ्यांचा क्लास चालतो. तरी बारा वर्षांचं वीजबिल व्यापारी दराने का आकारू नये, क्वार्टर का काढून घेऊ नये आणि नोकरीवरून कमी का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

ते चपला उलट्या घालूनच ऑफिसात धावले.

"सक्सेनाजी! मैं एक पैसा नहीं कमाता! एक भी चेला नहीं है!"

"तो अर्ज़ी झूठी है?" सक्सेना बाबूंनी पेन खाली ठेवलं. "मुल्येजी, वो तो और बड़ा जुर्म है."

"मग मी करू काय?" गोपीनाथराव घाबरून मराठीतच ओरडले. निवृत्तीला आठ वर्षं होती. मुलीचं लग्न व्हायचं होतं.

सक्सेना बाबू पुन्हा पुढे झुकले. "एक रास्ता है. लिखकर दीजिए कि दर्द और दवा के नशे में कुछ का कुछ लिख गए. साथ में किसी संस्था का प्रमाणपत्र, कि आपको बाजा बजाना आता ही नहीं. जिसे आता नहीं, वो सिखाएगा क्या, कमाएगा क्या?"

संध्याकाळी गोपीनाथराव मंडळात गेले. रस्ताभर त्यांना एकच चिंता. चौदा वर्षं आपण यांची सेवा केली, आता खोटं लिहून द्यायला ही सज्जन माणसं कशी तयार होतील?

कार्यकारिणीची सभा चालू होती. चिटणीस लीलावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"फक्त कागदापुरतं हो," गोपीनाथराव हात जोडून म्हणाले. "मला पेटी येत नाही, एवढंच लिहायचं. मनावर दगड ठेवून लिहा."

"दगड कशाला?" लीलावतीबाईंनी कागद पुढे ओढलासुद्धा!

ज्या मंडळात साध्या बटाटेवड्यांच्या आकारावरून दोन तट पडत, तिथे हा ठराव तीन मिनिटांत एकमताने मंजूर झाला. 'श्री. मुळ्ये यांना पेटी वाजवता येत नाही व कधीही येत नव्हती.' तबला वाजवणाऱ्या सुभाषरावांनी 'कधीही' या शब्दाखाली रेघ मारायला लावली. सह्यांसाठी कागद घरोघर फिरला आणि एकेचाळीस सह्या घेऊन दुसऱ्या दिवशी पाकिटात बंद होऊन गोपीनाथरावांच्या हाती आला.

मोठ्या साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला. "ये सोलहवाँ दस्तख़त... कमलिनी मुल्ये. आपकी कौन?"

"पत्नी," गोपीनाथराव पुटपुटले.

"तो फिर शक की गुंजाइश नहीं," साहेब म्हणाले आणि त्यांनी नोटीस रद्द केली.

करंगळीचे पंधराशे तीस रुपये नव्वद पैसे घेऊन गोपीनाथराव घरी आले. नोकरी वाचली होती, क्वार्टर वाचलं होतं. पण चहा काही त्यांना गोड लागेना. शेवटी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "तूसुद्धा सही केलीस!"

"अहो, तुमची नोकरी वाचवायला केली!"

"हो, ना?" गोपीनाथरावांचा चेहरा एकदम उजळला. ते पुढे सरकले. "म्हणजे तशी... मी पेटी बरी वाजवतो, नाही?"

"अगंबाई, दूध उतू जातंय!" म्हणत कमलिनीताई लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या.

गॅसवर काहीच नव्हतं.