आमच्या मेपलवरचा कागद

संकट दारात आलं की बायको-मुलीला कळायच्या आत मी ते निकालात काढतो. सगळ्या बेलव्ह्यूमध्ये माझ्याइतका तत्पर बाप सापडायचा नाही!

त्या शनिवारी सकाळी पेपर उचलायला बाहेर आलो आणि उडालोच. अंगणातल्या मेपलला शेंड्यापासून बुडापर्यंत टॉयलेट पेपर गुंडाळलेला! आमची नेत्रा उन्हाळ्यातच जर्सी सिटीहून इथल्या शाळेत आलेली. अजून एक मैत्रीण नाही. आत्ता कुठे व्हॉलीबॉलच्या टीममध्ये निवड झाली, तर हा अपमान! पोरीने पाहिलं तर पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही!

"पद्मिनी, ऊठ! कोणीतरी आपल्या वाईटावर आहे!"

बायकोने बाहेर येऊन कागद चिमटीत धरून पाहिला. "टू-प्लाय आहे रे, चांगला दुपदरी! फाडू नकोस, अलगद सोड." आणि ती स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली. मी शिडीवरून कागद सोडतोय, ती खाली लाटण्यावर गुंडाळतेय. संक्रांतीला पतंग उतरवावा तसं झाड उतरवलं!

नेत्रा उठली, तडक खिडकीशी गेली आणि रडायलाच लागली.

"बाबा, दे टीपीड एव्हरीबडी! एक्सेप्ट मी!"

"टीपीड म्हणजे?"

"टॉयलेट पेपर! नवीन मुलीला टीममध्ये घेतलं की टीममधल्या मुली रात्री येऊन तिच्या घरासमोरचं झाड डेकोरेट करतात. ओन्ली इफ दे लाइक यू!"

मी गार पडलो. "अगं, केलं होतं! मीच काढलं!"

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस, बाबा."

तेवढ्यात पद्मिनीने मागून लाटणं पुढे केलं. दुधीभोपळ्याएवढं झालेलं! नेत्राने लाटण्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "यू सेव्ह्ड इट? लाटण्यावर?" आणि रडता रडता हसत सुटली. "असं खोटं कोणाला सुचणारच नाही! बाबा, परत लाव! त्या फोटो काढायला येतायत!"

पुन्हा शिडी! मी कागद वर फेकतोय, तो माझ्याच डोक्यावर पडतोय. एवढ्यात गाडी थांबली आणि टीममधल्या मुली उतरल्या.

"नेत्रा! युअर डॅड इज टीपीइंग युअर हाउस?"

आता पोरगी लाजेने मरणार, मी डोळेच मिटले.

"ही इज टेरिबल ॲट इट," नेत्रा ओरडली. "कम हेल्प हिम!"

मग काय दंगा! नेत्राला इतकं मोकळं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मला तर शिडीवरच भरून आलं.

संध्याकाळी पाऊस आला आणि कागदाचा लगदा फांद्यांना घट्ट चिकटला. सोमवारी शेजारच्या बाई काळजीने दारात हजर. झाडाला काही रोग लागलाय का?

"छे हो!" मी छाती फुगवून म्हणालो. "आमच्या मुलीला मैत्रिणी मिळाल्यात!"