नऊ घरांचे बाण

शिर्केसरांच्या दारात उभं राहून नुसतं "सर, आत येऊ का?" विचारलं, तरी आतून आवाज यायचा, "आधी डोमेन सांग!" म्हणजे कोण, कुठून, काय घेऊन आलात ते बोला. आत काय जाऊ शकतं तो डोमेन, बाहेर काय पडतं ती रेंज. जगातला प्रत्येक व्यवहार सरांनी या दोन पिशव्यांत भरला होता.

सर बडोद्याच्या एका शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. वासणा भागात, नऊ टेनामेंटच्या म्हणजे नऊ बैठ्या घरांच्या आमच्या सोसायटीत सात नंबरला राहायचे. तेव्हा घरोघर नुकतं केबल येत होतं. केबलवाला म्हणाला, "साहेब, पूरा चालीस चॅनल!" सर म्हणाले, "रेंज समजी गयो, भाई. पण माझ्या टीव्हीला बटणं आठच आहेत, त्याचं काय करू?" तो बिचारा तार गुंडाळून चालता झाला.

ताईला बघायला फतेगंजचं स्थळ आलं, तेव्हा बाबांनी हौसेनं सरांना बोलावलं. सरांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "काय काय खात नाही?" मुलगा खरं बोलला: वांगं, कारलं, भोपळा, गवार, मेथी.

"डोमेन फारच तोकडा," सरांनी निकाल दिला. स्थळ मोडलं, आईनं कपाळाला हात लावला. ताई मात्र अजून सरांना दुवा देते.

मी बारावीत गणितात गटांगळ्या खात होते, म्हणून सरांकडे जायचे. दिवाळी आठवड्यावर आली होती. रिलेशन काही केल्या डोक्यात शिरेना, तेव्हा सर वैतागले.

"अगं, गेल्या दिवाळीचा आपल्या सोसायटीतला फराळ घे! कोण कुणाकडे ताट पाठवतं, हेच रिलेशन. पाठवणारे डोमेन, ज्यांना मिळतं ते रेंज."

फळ्यावर डावीकडे एक ते नऊ, उजवीकडे एक ते नऊ, आणि मध्ये धडाधड बाण. पटेलांचे मठिये पाचकडे, आमच्या चकल्या तीनकडे, सगळं तोंडपाठ! सरांच्या सातातून तर आठ बाण. ते दरवर्षी सगळ्यांना लीलो चेवडो, बडोद्याचा तो ओलसर चिवडा, वाटायचे.

"लिही उत्तर."

डोमेन, एक ते नऊ. रेंज लिहिताना मी अडखळले. उजवीकडच्या सातावर एकही बाण नव्हता.

"सर, तुमच्याकडे कुणीच...?"

"चर्चा नको. उत्तर लिही."

"रेंज, सात सोडून सगळे."

"शाबास. पैकीच्या पैकी," सर म्हणाले आणि उगाचच फळ्याचा कोपरा पुसत राहिले.

घरी येऊन आईला सांगितलं. "अगं, त्यांना शुगर आहे ना!" ती म्हणाली आणि एकदम थांबली. "अगं बाई... शुगर तर काकूंना होती."

सरांच्या बायकोनंच पूर्वी सगळ्यांना सांगितलं होतं, आमच्याकडे फराळाचं काही पाठवू नका. काकू जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यांचं पथ्य आम्ही सरांकडून पाळवून घेत होतो. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

त्या दिवाळीत पहिलं ताट सात नंबरला गेलं. मीच नेलं. सरांनी रुमाल उचलला. करंज्या, चकल्या, बेसनाचे लाडू.

मग म्हणाले, "तुझं त्या दिवशीचं उत्तर आता चुकलं. पुन्हा लिही."

मी खडू घेऊन फळ्याकडे वळले. मागे सर लाडू खात होते, मध्येच नाक ओढत होते. एक ते नऊ लिहायला कितीसा वेळ लागतो? मी सावकाश लिहीत राहिले, त्यांचा लाडू संपेपर्यंत.